लखनौची झुंबरे आणि काचसामानाचा संग्रह

मोहरमच्या दिवसांत सायंकाळी लखनौच्या हुसेनाबाद इमामबाड्यात दिवे लागतात, तेव्हा छतापासून लोंबणारी झुंबरे, रंगीत हंड्या आणि भिंतींवरचे उंच आरसे एकमेकांचा प्रकाश झेलून तो पुन्हा दालनात उधळतात. या इमामबाड्याला परदेशी प्रवाशांनी ‘दिव्यांचा प्रासाद’ असे नाव दिले, ते याचमुळे. काचेचा संग्रह म्हटला की कुलूपबंद कपाटात मांडलेल्या नाजूक वस्तू डोळ्यांसमोर येतात. लखनौमध्ये मात्र काच जमवली गेली ती प्रामुख्याने उजळण्यासाठी. गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत या शहरात काचसामानाचे अनेक मोठे संग्रह झाले. त्यांपैकी बहुतेक विखुरले आणि थोडे टिकले. असे का झाले, हे पाहू लागले म्हणजे संग्रह हा हौस आणि पैसा यांच्याइतकाच व्यवस्थेचाही विषय आहे, हे ध्यानात येते.

नवाबाची हौस आणि सेनानीचा संग्रह

इ. स. १७७५ मध्ये नवाब आसफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. दरबाराच्या मागोमाग युरोपीय सैनिक, चित्रकार, वैद्य आणि व्यापारीही तेथे आले. नवाबाला विलायती वस्तूंचे विलक्षण वेड होते. त्याच्या दौलतखाना या प्रासादसमूहातील आईनाखान्यात आरसे, घड्याळे, झुंबरे आणि यांत्रिक खेळणी यांची गर्दी झाली होती. उंची वस्तूशेजारी क्षुल्लक वस्तूही तितक्याच मानाने मांडलेली पाहून त्या काळच्या इंग्रज प्रवाशांना हसू येई. परंतु या हसण्यात त्यांचा एक गैरसमजही होता. नवाबाच्या दृष्टीने त्या वस्तूंची बाजारातील किंमत गौण होती; त्यांची नवलाई आणि त्यांचा झगमगाट हेच त्यांचे मोल होते.

याच शहरात क्लॉड मार्टिन हा दुसऱ्या प्रकारचा संग्राहक राहत होता. १७३५ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे जन्मलेला हा सेनानी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. लखनौमध्ये त्याने अमाप संपत्ती मिळवली आणि ग्रंथ, चित्रे, शास्त्रीय उपकरणे, आरसे व झुंबरे यांचा मोठा साठा केला. १३ सप्टेंबर १८०० रोजी त्याचे निधन झाले. आपल्या संपत्तीतून लखनौ, कलकत्ता आणि लियाँ येथे शाळा निघाव्यात, अशी तजवीज त्याने मृत्युपत्रात केली होती, आणि त्या शाळा आजही चालू आहेत. संग्रह मात्र अखंड ठेवण्याची अशी तजवीज नव्हती. तो लिलावात निघाला. त्यातील काही झुंबरे गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या कलकत्त्याच्या नव्या राजभवनात गेली. उरलेल्या वस्तू नाना हातांत पांगल्या. ज्याने आपल्या वास्तूचे आणि धनाचे भवितव्य इतक्या काळजीने ठरवले, त्याचाही संग्रह त्याच्यामागे एकत्र राहू शकला नाही.

झुंबरामागची ठेव

नवाब मुहंमद अली शाह याने १८३८ मध्ये हुसेनाबादचा इमामबाडा बांधला. मोहरममध्ये इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचे स्मरण करण्यासाठी जेथे शोकसभा भरतात, ती वास्तू म्हणजे इमामबाडा. लखनौमध्ये अनेक वर्षे राहिलेल्या मिसेस मीर हसन अली या इंग्रज स्त्रीने १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा सभांचे वर्णन आढळते. आरसे, झुंबरे आणि मेणबत्त्या यांची जी रोषणाई तिने पाहिली, ती शोकविधीचाच एक भाग होती. ज्याच्या घरी जे उत्तम असेल ते त्याने या दिवसांत इमामबाड्यात आणून उजळावे, अशी त्यामागची भावना होती.

मुहंमद अली शाहने केवळ झुंबरे टांगली नाहीत. त्याने कंपनी सरकारकडे मोठी रक्कम ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून इमामबाड्याची निगा, रोषणाई व धर्मादाय यांचा खर्च चालावा अशी व्यवस्था केली. हुसेनाबाद ट्रस्ट या नावाने ती पुढे ओळखली गेली. झुंबराला तेल-मेणबत्ती लागते, लोलक पुसणारा मनुष्य लागतो, तुटलेला लोलक बदलावा लागतो आणि छतातील आकडा वेळोवेळी तपासावा लागतो. या रोजच्या खर्चाची सोय ज्या संग्रहामागे होती तो बऱ्याच अंशी जागेवर राहिला.

ज्या संग्रहामागे केवळ सत्ता होती, त्याची गत निराळी झाली. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गेला. १८५७ च्या उठावानंतर मार्च १८५८ मध्ये लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती पडले, त्या वेळी त्याने बांधलेल्या कैसरबागेची लूट झाली. ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल तेथे उपस्थित होता. जे उचलून नेता येत नाही ते सैनिक फोडून टाकत होते, असे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. आरसे आणि झुंबरे या दुसऱ्या वर्गातच मोडत होती.

‘बेल्जियन’ हे नाव

जुन्या वाड्यातील आरसा दाखवताना महाराष्ट्रात ‘अस्सल बेल्जियन काच’ असे म्हणण्याची पद्धत आहे. लखनौचे वाटाडेही जवळजवळ प्रत्येक झुंबराला बेल्जियन म्हणतात. हे नाव सावधपणे घ्यावे लागते. बेल्जियम हे स्वतंत्र राष्ट्र १८३० मध्ये निर्माण झाले. आसफउद्दौला १७९७ मध्येच मरण पावला होता. लिएज या शहराजवळील व्हाल सेंट लँबर्ट हा प्रसिद्ध बिलोरी कारखानाही १८२६ मधला आहे. म्हणजे हुसेनाबादच्या काळात बेल्जियन काच येणे शक्य असले, तरी आसफउद्दौलाच्या दालनांना हे नाव लावता येत नाही.

भारतात आलेले काचसामान मुख्यतः इंग्लंड, बोहेमिया, फ्रान्स व बेल्जियम येथले होते. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये शिशाचा अंश असलेल्या काचेचे एकाधिकारपत्र मिळवले. ही काच जड असते, तिला पैलू पाडता येतात, आणि त्या पैलूंतून प्रकाश विशेष खुलतो. परंतु इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता, त्यामुळे कारागीर काच जपून वापरत. १८४५ मध्ये तो कर उठला आणि भारी, भरगच्च बिलोरी सामान मुबलक होऊ लागले. त्याच दशकात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर या पेढीने कलकत्त्यात दुकान थाटले. पुढे संस्थानिकांसाठी तिने झुंबरेच नव्हे, तर काचेच्या खुर्च्या, मेजे आणि पलंगही तयार केले. उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंह यांनी मागवलेले असे सामान आजही तेथील प्रासादात पाहावयास मिळते.

पारख

काचेवर कारखान्याचे नाव बहुधा नसते. म्हणून पारख करणाऱ्याला वस्तूच्या अंगावरील खुणा वाचाव्या लागतात. शिशाच्या काचेच्या पात्रावर हलकेच टिचकी मारली असता दीर्घ, घंटेसारखा नाद निघतो. साध्या काचेचा नाद आखूड असतो. फुंकून घडवलेल्या भांड्याच्या तळाशी लोखंडी दांडी तोडल्याचा खडबडीत डाग किंवा तो घासून काढल्याची वाटोळी खळगी दिसते. साच्यात दाबून केलेल्या भांड्यावर साच्याच्या सांध्याची बारीक उभी रेषा राहते, आणि त्यावरील नक्षीच्या कडा बोटाला बोथट लागतात. हाताने पाडलेले पैलू धारदार असतात. पिवळट-हिरव्या काचेत युरेनियमचा अंश असेल, तर जंबुपार किरणांखाली ती हिरवीगार चमकते. अशी काच बोहेमियात १८३० च्या सुमारास होऊ लागली.

झुंबराच्या बाबतीत फांद्या पाहाव्यात. मेणबत्त्यांसाठी घडवलेल्या झुंबराच्या फांद्या बहुधा भरीव असतात. वायू किंवा वीज यांसाठी केलेल्या पोकळ असतात. भरीव फांदीवरून बाहेरून तार नेलेली आढळली, तर ते मूळचे मेणबत्तीचे झुंबर मागाहून बदलले आहे असे समजावे. बदल झाला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. तो तिच्या आयुष्याचा भाग आहे, आणि विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे.

नखासच्या बाजारात

विसाव्या शतकाच्या मध्यावर लखनौच्या घरांतील काचसामान पुन्हा एकदा हलले. फाळणीनंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. १ जुलै १९५२ पासून उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा अमलात आला आणि तालुकदारांच्या उत्पन्नाचा आधारच गेला. कुळांना न्याय देणाऱ्या या कायद्याची ही दुसरी बाजू होती. मोठ्या कोठ्यांतील दिवाणखाने आवरले जाऊ लागले, आणि त्यांतील शमादाने, गुलाबदाण्या, आरसे आणि शिसवी खुर्च्या बाजाराची वाट धरू लागल्या. जुन्या शहरातील नखासचा रविवारचा बाजार अशा जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. एकसंध झुंबराला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर विक्रेता त्याचे लोलक सुटे करून विकतो. सुट्या लोलकांना मागणी असते. पण एकदा उतरवलेले झुंबर पुन्हा जुळत नाही.

या बाजारात विलायती काचेबरोबर स्वदेशी काचही मिळते, आणि मराठी वाचकाला तिच्यात वेगळा रस वाटावा. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ मध्ये तळेगाव येथे सुरू झाला. तो उभारणारे तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय पुढे संयुक्त प्रांतात परतले आणि बहजोई येथे त्यांनी काचकारखाना काढला. तिकडे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंच्या कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचवला. बहजोई, फिरोजाबाद आणि ओगलेवाडी येथील पेले, चिमण्या आणि बरण्या कोणी दिवाणखान्यात मांडल्या नाहीत. म्हणूनच त्या फार लवकर नाहीशा होत आहेत.

कायद्याचे संरक्षणही त्यांना नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते आणि तिच्या निर्यातीवर बंधन येते. १९५०-६० मधील वस्तू या मर्यादेबाहेर राहतात. चंदीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पियेर जानरे याच्या मार्गदर्शनाखाली घडवलेल्या सागवानी खुर्च्या मोडीत निघाल्या आणि परदेशी लिलावांत भारी किमतीला विकल्या गेल्या, तेव्हा कोठे त्यांच्या मोलाची जाणीव झाली. २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीला आळा घालण्याचा आदेश काढावा लागला.

सामान्य संग्राहकापाशी राजाची ठेव नसते, पण वही असू शकते. वस्तू कोठून आली, कोणत्या घरात कशासाठी वापरली जात होती, तिच्यात कोणती दुरुस्ती झाली, हे तीत लिहून ठेवावे. काच कोरड्या जागी ठेवावी, कारण सततच्या दमटपणाने तिच्यातील क्षार झिरपून ती अंधुक होते. मऊ कापडाने आणि कोमट पाण्याने ती पुसावी. जोडीतील एक वस्तू विकू नये. आणि आपल्यामागे हे सारे कोणाकडे जाणार, हे आपल्या हयातीतच ठरवावे. ही शेवटची गोष्ट क्लॉड मार्टिनच्या हातून राहून गेली होती.