ब्राझीलचा ‘सगळं घातलेला’ बर्गर घरी कसा करायचा?

ब्राझीलमधल्या शहरांत रात्री उशिरापर्यंत रस्त्याकडेला बर्गरच्या गाड्या उभ्या असतात. तिथल्या फलकावरचा सगळ्यात भरगच्च पदार्थ म्हणजे ‘शीस-तुदू’. मांसाची टिक्की, चीज, अंडं, हॅम, बेकन, मक्याचे दाणे, टोमॅटो, पालेभाजीची पानं, मेयोनेज आणि वरून कुरकुरीत बटाटा, असं सगळं एकाच बनमध्ये.

हा बर्गर आपल्याकडे करायचा तर दोन अडचणी येतात. मूळ टिक्की गोमांसाची असते आणि घरगुती मेयोनेज अनेकदा कच्च्या अंड्याचं असतं. या दोन गोष्टी बदलल्या की बाकीचं काम सोपं आहे. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीतून औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईपर्यंत पायी फेरी मारली, तरी बरंचसं सामान पिशवीत येतं.

नाव असं का?

पोर्तुगीज भाषेत ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार ‘शीस’ असा होतो. इंग्रजी ‘चीज’ हा शब्दही ब्राझीलच्या लोकांच्या तोंडी जवळपास तसाच ऐकू येतो. त्यामुळे तिथे चीजबर्गरऐवजी सरळ ‘एक्स-बर्गर’ लिहायची पद्धत पडली. ‘तुदू’ म्हणजे सगळं. थोडक्यात, ‘चीज आणि बाकी सगळं’.

प्रांतागणिक त्याचं रूप बदलतं. दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात हा बर्गर मोठ्या बनमध्ये भरून गरम तव्यावर दाबतात आणि काटा-सुरीने खातात.

यातलं आपल्या ओळखीचं काय?

बरंच काही. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, ‘बटाटा’ही तसाच. ‘कोबी’चं मूळही पोर्तुगीज ‘कोव्ह’ या शब्दात आहे. बटाटा आणि मका ही पिकं मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर ती भारतात पोहोचली.

बर्गरवरच्या कुरकुरीत बटाट्याला ब्राझीलमध्ये ‘बताता पाल्या’ म्हणतात. पाल्या म्हणजे वाळलेलं गवत, काड्या. आपण उपवासाला खातो ती बटाट्याची सळी जवळपास हाच पदार्थ आहे. फरसाणाच्या दुकानात नुसती खारी सळी मागावी. साखर, शेंगदाणे आणि तिखट घातलेला सळीचा चिवडा इथे चालत नाही.

मक्याचं म्हणाल तर सिल्लोड, कन्नड, फुलंब्री हा आपल्याच जिल्ह्यातला मक्याचा पट्टा. मात्र तिथला बहुतांश मका पशुखाद्य आणि उद्योगांसाठी जातो. बर्गरसाठी गोड मक्याची कोवळी कणसं घ्या.

टिक्की कशाची करायची?

महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे घरी करताना मटण किंवा चिकनचा खिमा हा सरळ पर्याय. गंमत अशी, की ब्राझीलमध्ये मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांत ‘नेलोर’ जात सर्वाधिक आहे आणि ती मूळची आपल्या आंध्रच्या ओंगोल वंशाची.

शाकाहारी घरात राजम्याची टिक्की करा. भात आणि घेवड्याच्या जातीचं कडधान्य हे ब्राझीलचं रोजचं जेवण आहे, त्यामुळे राजमा या बर्गरला परका नाही. नुसत्या बटाट्याची टिक्की केलीत तर चव वडापावकडे झुकते.

साहित्य (४ बर्गरसाठी)

- बर्गरचे बन ४ (लादीपाव या भरतीसाठी लहान पडतो)
- मटण किंवा चिकनचा खिमा ५०० ग्रॅम. मटण असेल तर थोडी चरबी ठेवून एकदाच जाडसर दळून घ्या
- चीजचे काप ४, अंडी ४
- चिकन सलामीचे काप ४ (हॅम-बेकनऐवजी, नसले तरी चालेल)
- उकडलेले गोड मक्याचे दाणे अर्धी वाटी
- टोमॅटो १, कांदा १, लेट्यूसची पानं किंवा अगदी बारीक चिरलेला कोबी
- खारी बटाटा सळी १ वाटी
- लोणी, मीठ, मिरपूड

राजम्याच्या टिक्कीसाठी: १५० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोटाला त्रास देतो. पाणी निथळून जाडसर कुस्करा. त्यात १ उकडलेला बटाटा, अर्धी वाटी ब्रेडचा चुरा, लसूण, जिरेपूड आणि मीठ घाला.

मेयोनेजबाबत काळजी का?

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मेयोनेज शिजवत नाहीत, त्यामुळे ते मरत नाहीत, आणि उन्हाळ्यात ओट्यावर तासभर राहिलेल्या वाटीत त्यांची वाढ झपाट्याने होते. याच कारणाने तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एका वर्षासाठी बंदी घातली. मराठवाड्यातला उन्हाळा लक्षात घेता घरीही तोच नियम पाळलेला बरा.

त्यावर ब्राझीलमध्येच प्रचलित असलेला उपाय आहे, दुधाचं मेयोनेज. उकळून पूर्ण गार केलेलं १०० मिलिलिटर दूध, लसणाची एक पाकळी आणि मीठ मिक्सरमध्ये फिरवा. यंत्र चालू ठेवून वास नसलेलं सुमारे २०० मिलिलिटर तेल बारीक धारेने सोडा. दुधातली प्रथिनं तेलाचे सूक्ष्म थेंब धरून ठेवतात आणि मिश्रण घट्ट होतं. तेल एकदम ओतलं तर ते फुटतं. शेवटी लिंबाचा रस आणि मूठभर कोथिंबीर घालून पुन्हा फिरवा. फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

कृती

१. खिम्याचे चार भाग करा. बनपेक्षा १ ते दीड सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १ सेंटिमीटर जाड टिक्क्या थापा. शिजताना मांस आकसतं, म्हणून हा जास्तीचा घेर. मधोमध अंगठ्याने खळगा करा, म्हणजे टिक्की फुगून गोल होत नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

२. मीठ आणि मिरपूड तव्यावर टाकण्याआधी वरून लावा. खिम्यात आधीच मीठ मळलं तर मांसातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि टिक्की रबरासारखी होते. चीज, सलामी आणि सळी तिन्ही खारट असतात, हेही ध्यानात ठेवा.

३. बनच्या आतल्या बाजूंना लोणी लावून तव्यावर भाजा. लोण्याच्या थरामुळे रस बनमध्ये लवकर मुरत नाही.

४. बिडाचा तवा चांगला तापवून टिक्की प्रत्येक बाजूने ४ ते ५ मिनिटं भाजा. मटणाचा अखंड तुकडा आणि खिमा यांत फरक आहे: दळताना बाहेरचे जिवाणू आतपर्यंत पोहोचतात. म्हणून खिमा मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. तापमापक असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. नसेल तर एक टिक्की मधून कापा. आत गुलाबी रंग नको आणि सुटणारा रस स्वच्छ हवा.

५. शेवटच्या मिनिटाला चीज ठेवून त्यावर मक्याचे दाणे पसरा आणि झाकण ठेवा. वितळलेल्या चीजमध्ये दाणे अडकतात, नाही तर पहिल्याच घासाला ते ताटात सांडतात.

६. सलामी परतून घ्या. अंडी दोन्ही बाजूंनी तळा, बलकही घट्ट होऊ द्या. वाहता बलक चार थरांतून थेट मनगटावर येतो.

थर कसे लावायचे?

खालून वर असा क्रम ठेवा: बन, मेयोनेज, लेट्यूस किंवा कोबी, टिक्की-चीज-मका, सलामी, अंडं, कांदा-टोमॅटो, बटाटा सळी, मेयोनेज लावलेला वरचा बन. लेट्यूस टिक्कीखाली राहिलं की मांसाचा रस खालच्या बनपर्यंत उशिरा पोहोचतो. टोमॅटोच्या चकत्या आधी पाच मिनिटं कागदावर टिपून घ्या, नाही तर वरची सळी लगेच मऊ पडते. सळी अगदी शेवटी, वाढताना.

तयार बर्गर बटरपेपरमध्ये घट्ट गुंडाळून दोन मिनिटं ठेवा. थर एकमेकांत बसतात आणि हातात धरणं सोपं जातं.

पाहुणे येणार असतील तर टिक्क्या आणि मेयोनेज सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवता येतात. तवा मात्र पानं मांडल्यावरच तापवा. आणि सामान कमी पडलं तर सलामी वगळा, एक वेळ अंडंही वगळा, पण सळी वगळू नका. मऊ बन, रसाळ टिक्की आणि वितळलेलं चीज यांत दाताखाली कुरकुरीत लागणारं तेवढंच असतं.