वाईचे घाट : वारसा-पर्यटनाचा एक विचार

वारसा-पर्यटन म्हणजे प्राचीन वास्तूंचे दर्शन, असा समज रूढ आहे. सातारा जिल्ह्यातील वाई या लहान नगराच्या संदर्भात तो अपुरा ठरतो. मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखलेल्या माटुंग्यासारख्या वस्तीत रस्ता हा नगररचनेचा आधार आहे. वाईत ते स्थान कृष्णा नदीला आहे. येथील आळ्या आपापल्या घाटांशी जोडलेल्या असून कृष्णाबाईचा उत्सवही निरनिराळ्या घाटांवर क्रमाने साजरा होतो.

गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार आहे. पुराचे पाणी तिच्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहून जावे, हा तिचा हेतू होय. मूर्तीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या प्रवाशाच्या नजरेतून नेमकी हीच रचना निसटते.

घाटांना अर्थ प्राप्त होतो तो स्नान, धुणे व उत्सव यांमुळे. नदी प्रदूषित झाली वा घाट वापरातून गेले, तर दगड शाबूत राहूनही वारसा क्षीण होईल. म्हणूनच अभ्याससहलीचा आरंभ मंदिराच्या मागील भिंतीपासून आणि नदीपात्रापासून व्हावा, हे अधिक उचित ठरते.