पवनीचे दोन अल्पज्ञात सत्ताधारी आणि प्रादेशिक युद्धे : एकाकी शिलालेखाच्या साक्षीची मर्यादा

प्रस्तावना :
बायबलच्या जुन्या करारात मवाबचा राजा मेशा हे गौण पात्र आहे. इस्राएलला मेंढरांची खंडणी देणाऱ्या या मांडलिकाने बंड केले व तीन राजांनी मिळून त्याच्यावर स्वारी केली, असे 'दुसरे राजे' या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात वर्णन आहे. इ. स. १८६८ मध्ये धिबान येथे मेशाचाच शिलालेख प्रकाशात आला. त्यात यशाचे श्रेय मेशा व त्याचा देव कमोश यांना आहे. दोन्ही पक्षांची साक्ष लाभल्याने या संघर्षाची चिकित्सा शक्य झाली. परंतु ज्याची एकच साक्ष उरली आहे, त्याचा इतिहास कसा लिहावा? भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पवनीची साधने :
वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मधील उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. येथील दोन लेख राजकीय इतिहासासाठी महत्त्वाचे आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केलेल्या पादुकापट्टावरील लेखात भार कुळातील राजा भगदत्ताचे नाव येते. दुसरा लेख रुपिअम्म याच्या छायास्तंभावर, म्हणजे स्मृतिस्तंभावर आहे. त्यात 'महाक्षत्रप' व 'कुमार' ही पदे येतात.

युद्धाची पार्श्वभूमी :
सातवाहन-क्षत्रप संघर्षाची साक्ष मात्र दुहेरी आहे. नाशिकच्या लेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, राज्यात विदर्भाची गणना करते. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे मिळालेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे पुन्हा उमटविलेले आहेत. उलट, जुनागढ लेखात रुद्रदामन सातकर्णीला दोनदा जिंकल्याचे सांगतो.

चर्चा :
या पार्श्वभूमीवर रुपिअम्माच्या स्तंभावरून विदर्भावरील क्षत्रपसत्तेचे अनुमान केले जाते. ते शक्य आहे. तथापि स्मृतिस्तंभ हे विजयस्तंभ नव्हे. तो मृताचे स्मरण करतो, राज्याची सीमा आखत नाही. तसेच पादुकापट्ट भगदत्ताची श्रद्धा दर्शवितो. तो स्वतंत्र होता की मांडलिक, हे त्यावरून ठरत नाही.

निष्कर्ष :
लहान राजांना मोठ्या साम्राज्यांच्या नकाशात बसविण्याची घाई स्थानिक इतिहासाला मारक ठरते. नाव, कुळ, पद व दानकृत्य एवढेच लेख सांगत असेल, तर तेवढेच निश्चित मानावे आणि उरलेले अनुमान म्हणून स्पष्टपणे वेगळे ठेवावे. मेशाला दुसरी साक्ष मिळाली. पवनीच्या या दोघांना ती मिळेपर्यंत अभ्यासकाचा संयम हाच त्यांना खरा न्याय होय.