घाटवाटा आणि सायकल (लेखांक ६) : आधी उतार, मग चढ

बुलढाणा जिल्ह्याचे ढोबळमानाने दोन मजले आहेत. दक्षिणेकडचा वरचा मजला म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार, जुन्या महसुली भाषेतला वऱ्हाडचा बालाघाट. उत्तरेकडचा खालचा मजला म्हणजे पूर्णेचे सपाट खोरे, पायनघाट. दुसरबीड, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, चिखली आणि खुद्द बुलढाणा वर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, तर मलकापूर अडीचशेच्या. मधली उंची बऱ्याच अंशी पठाराच्या काठावर, काही किलोमीटरांतच उतरते. हा काठ ओलांडणारे राजूर आणि बोथा हे दोन घाट सायकलस्वाराच्या दृष्टीने जिल्ह्यातले सर्वांत महत्त्वाचे रस्ते आहेत.

हा काठ जलविभाजकही आहे. दुसरबीडजवळ राहेरीच्या पुलाखालून वाहणारी खडकपूर्णा पुढे गोदावरीला मिळते. बुलढाण्याजवळ उगम पावून मेहकरवरून जाणारी पैनगंगाही शेवटी गोदावरीच्याच खोऱ्यात जाते. म्हणजे दुसरबीडच्या शिवारात पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराला जातो. राजूर घाट उतरून मोताळ्याला पोचले की नळगंगेचे पाणी उत्तरेकडच्या पूर्णेला, तिथून तापीला आणि अरबी समुद्राला जाताना दिसते. खडकपूर्णा आणि ही पूर्णा, अशा एकाच जिल्ह्यातल्या पूर्णा नावाच्या दोन नद्या दोन समुद्रांकडे वाहतात. नवख्याचा यामुळे गोंधळ होतो, आणि फक्त नदीच्या नावावरून वाट विचारली तर तो वाढतो.

हिमालयातली किंवा आल्प्समधली खिंड दोन्ही बाजूंनी चढते. एका खोऱ्यातून वर जायचे, माथा गाठायचा आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरायचे. मनाली–लेह रस्त्यावरचा ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा ला असो किंवा १९१० मध्ये टूर द फ्रान्स शर्यतीत पहिल्यांदा आलेला पिरेनीज पर्वतातला २,११५ मीटरचा तूरमाले असो, क्रम तोच. दख्खनच्या पठारावरचा घाट एकाच बाजूचा असतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेले पठार जवळजवळ आडवे आहे आणि काठाशी ते एकदम तुटते. कठीण काळ्या पाषाणाचा थर कड्यासारखा उभा राहतो, त्याखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजून उताराची पट्टी तयार होते, पुढे पुन्हा कडा. रस्ता या पट्ट्यांचा आधार घेत वळणे घेत उतरतो.

याचा परिणाम सायकलस्वाराच्या वेळापत्रकावर होतो. पठारावरच्या माणसाला घाट सकाळी ताज्या पायांनी भेटतो तो उताराच्या रूपात; चढ उरतो परतीला, थकल्यावर, उन्हाच्या वेळी. पुण्याहून ताम्हिणी किंवा वरंधा उतरून कोकणात जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. मुंबईकराचे उलट असते. मुंबई–पुणे सायकल शर्यत खालून वर धावते, बोरघाटाचा कस वाटेतच लागतो आणि घाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. दुसरबीड किंवा चिखलीकडून निघणाऱ्याने म्हणूनच दिवसाचा हिशेब शेवटापासून मांडावा: घाटाचा पायथा परतीला किती वाजता गाठायचा हे आधी ठरवावे, निघण्याची वेळ त्यावरून काढावी.

दुसरबीडहून काठाकडे जाणारा ओळखीचा मार्ग बिबी, सुलतानपूर, मेहकर, चिखली, बुलढाणा असा आहे. मेहकरपर्यंतचा टप्पा जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरून जातो. जवळूनच गेलेला समृद्धी महामार्ग नागपूर–शिर्डी टप्प्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पण त्यावर दुचाकींना आणि सायकलींना प्रवेश नाही. जुन्या रस्त्यावर छोटे चढ-उतार सतत येतात. एकेक किरकोळ, पण दिवसाच्या बेरजेत ते घाटाइतकेच भरतात. सुलतानपूरहून लोणारचा फाटा घेतला तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे उल्काविवर पाहता येते. कडेपर्यंत रस्ता आहे, तळापर्यंत पायवाट; सायकल वरच ठेवावी लागते. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजाला मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी या रस्त्यावर सायकल न काढलेलीच बरी.

दोन घाटांपैकी राजूर घाट बुलढाणा–मोताळा–मलकापूर रस्त्यावर आहे आणि वाहतुकीचा आहे. एसटी बस आणि ट्रक वळणावर पूर्ण रस्ता वापरतात, त्यामुळे उतरताना आपली डावी बाजू कधीही सोडू नये. बोथा घाट बुलढाणा–खामगाव रस्त्यावर, ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. हा रस्ता जास्त रम्य आहे आणि शांतही. अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे असून त्यात अस्वल आणि बिबट्याचा वावर आहे. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटर चालल्यामुळे गाजलेला, टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलरचा वाघ २०१९ च्या अखेरीस इथेच येऊन पोचला होता. पहाटे उजाडण्यापूर्वी आणि दिवस मावळल्यावर बोथ्यातून सायकलने जाणे हा धाडसाचा नव्हे, अविचाराचा प्रकार आहे.

चढाचे गणित अवघड नाही. समजा सहा किलोमीटरच्या रस्त्यात तीनशे मीटर उंची चढायची आहे. म्हणजे चढ पाच टक्के. ७० किलोचा माणूस आणि दहा किलोची सायकल मिळून ८० किलो वजन तीनशे मीटर उचलायला सुमारे २ लाख ३५ हजार ज्यूल ऊर्जा लागते. सराव असलेला स्वार दोनशे वॅट शक्ती टिकवू शकतो. त्याला टायरच्या घर्षणासह हा घाट बावीस ते पंचवीस मिनिटांत चढता येतो. एकशेवीस वॅटवर चालणाऱ्या नवख्याला पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात आणि त्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत-बाहेर राहतो. इतक्या कमी वेगात हवेचा अडथळा नगण्य असतो. खरे ओझे वजनाचेच, आणि पाण्याची जादा बाटलीही त्यात मोजावी लागते.

गावोगावच्या साध्या काळ्या सायकलने घाट का चढवत नाही, हेही याच गणितात सापडते. तिच्या पुढच्या चकतीला साधारण ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारायचे तर वेग ताशी एकोणीस किलोमीटर होतो, आणि पाच टक्क्यांच्या चढावर त्यासाठी अडीचशे वॅटहून जास्त जोर हवा. फेरे निम्मे केले तर प्रत्येक फेऱ्याला उभे राहून दाब द्यावा लागतो, गुडघे बोलू लागतात. माणूस उतरून सायकल ढकलतो, आणि ते शहाणपणाचेच असते. गिअरच्या सायकलीत पुढे ३४ आणि मागे ३२ दाते जोडले की एका फेऱ्यात सव्वादोन मीटर अंतर पडते. त्याच पायांना तोच घाट झेपतो. घाटासाठी सायकल घेताना चौकटीच्या वजनापेक्षा मागच्या चकत्यांतली सर्वांत मोठी किती दात्यांची आहे, हे आधी विचारावे.

उतरताना याच २ लाख ३५ हजार ज्यूल ऊर्जेचा बराचसा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोराने दाबून वेग उतरवावा, वळणात ब्रेक सोडावा, शरीर थोडे मागे ठेवावे. पावसाळ्यात कड्यावरून सुटलेले दगड आणि वळणावरचे शेवाळ या दोन्हींचा धोका असतो; भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो, तेव्हा दुपारी खालून वर येण्याचा बेत करू नये.

पाण्याची एक स्थानिक अडचण नकाशात दिसत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. नांदुरा, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागांतल्या कित्येक विहिरींचे आणि बोअरचे पाणी खारट असते; घाम गाळून आलेल्या माणसाची तहान ते भागवत नाही. बाटल्या बुलढाण्यातच भराव्यात. परतताना मोताळ्याला किंवा खामगावला पुन्हा भरून घ्याव्यात. पायथ्यावर मिळेल ते पाहू, या भरवशावर राहू नये.

लांब पल्ल्याची सवय झाल्यावर ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेले अंतर ठरल्या मुदतीत पार करायच्या सायकलफेरीचा, विचार करता येतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत, अशी त्यांची जगभर ठरलेली मुदत आहे. ही शर्यत नसते. मुदतीत पोचलेले सगळे सारखेच. लांब पल्ल्याच्या शर्यतींतही विदर्भाचे आणि महाराष्ट्राचे नाव आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत दोघांच्या संघाने पार केली होती.

दुसरबीडच्या बाजूच्या नवख्याने पहिल्याच वेळी दोन्ही घाट एका दिवसात जोडू नयेत. बुलढाण्यात मुक्काम करावा, सकाळी राजूर घाट मोताळ्यापर्यंत उतरावा आणि ऊन तापायच्या आत तोच घाट चढून परत यावे. बोथा दुसऱ्या खेपेला ठेवावा.

पुढील लेखांकात : परतवाडा ते चिखलदरा, विदर्भातला सर्वांत लांब चढ.