कुर्ल्याची ११८ एनई, शिवणीच्या लाकडात

१९७७च्या जानेवारीत माँटे कार्लो रॅलीचा निकाल लागला. पहिला आला सांद्रो मुनारी, त्याच्या पाचरीसारख्या लान्सिया स्ट्राटोसमध्ये. दुसरी आली फियाट १३१ अबार्थ. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर स्पेनच्या सिआट कंपनीच्या दोन १२४ गाड्या होत्या, एक अंतोनियो सानिनीची, दुसरी साल्वादोर कान्येयासची. चार दारं, सरळ काचा, आखीव डिकी. बर्फाळ घाटात जगातल्या नामांकित रॅली गाड्यांना मागे टाकणारी ही गाडी एरवी बार्सिलोनात टॅक्सीच्या रांगेत उभी राहिली असती, तर कोणी मान वळवून पाहिलं नसतं.

याच सिआटवर बेतलेली गाडी पुढे आठ वर्षांनी मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली. नाव होतं प्रीमियर ११८ एनई. नागपुरात ती डॉक्टरांकडे, वकिलांकडे, एखाद्या खात्याच्या साहेबाकडे दिसायची. तिचं पोस्टर कोणी भिंतीवर लावलं नाही.

गेली काही वर्षं मी नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत बसून या गाडीची लाकडी प्रतिकृती करत होतो. ती आता पुरी झाली. अशा साध्या गाडीवर इतका वेळ घालवण्यासारखं काय होतं, हे बरेच जण विचारतात. उत्तर द्यायचं तर गाडीच्या जन्मापासून मागे जावं लागतं.

मूळ फियाट १२४ इटलीत १९६६ साली आली आणि १९६७ची युरोपची 'कार ऑफ द इयर' ठरली. दिसायला खोकं, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे कॉइल स्प्रिंगा. त्या काळच्या घरगुती गाडीत हे दोन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ होतं. फियाटने १९७० साली हिच्यातच दोन कॅमशाफ्टचं १४३८ सीसीचं इंजिन बसवून '१२४ स्पेशल टी' काढली. हे इंजिन आधी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लांप्रेदीच्या हातचं. ८० हॉर्सपॉवर, पुढे १५९२ सीसी झाल्यावर ९५. बाहेरून मात्र साध्या स्पेशलसारखीच. दुसरीकडे, हाच ढाचा रशियात गेला आणि १९७० पासून लाडा म्हणून निघू लागला. तिथे त्याने खडबडीत रस्ते आणि कडाक्याची थंडी पचवली. स्पेनमध्ये सिआट १९६८ पासून १२४ बनवत होती. १९७५ साली जॉर्जेत्तो जुजारोने तिचा चेहरा बदलला, चौकोनी हेडलाइट दिले. आपल्याकडे जी आली ती ही, जुजारोची.

आपल्या ११८ एनईत मात्र इटलीचं इंजिन नव्हतं. 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. ११७१ सीसीचं, ए-१२ नावाचं, ७३ मिलिमीटर बोअर आणि ७० मिलिमीटर स्ट्रोकचं. यातही एक गंमत आहे. हे ए-१२ इंजिन १९७०च्या निस्सान सनीत होतं, आणि तीही बिचाऱ्या तोंडाचीच गाडी. पण जपानच्या फुजी ट्रॅकवर याच इंजिनाच्या वाढवलेल्या आवृत्तीने टोयोटा कोरोलाला वर्षानुवर्षं घाम फोडला. म्हणजे कुर्ल्याच्या गाडीची बॉडी माँटे कार्लोच्या घराण्यातली, इंजिन फुजीच्या घराण्यातलं, आणि आपल्या हाती आले ५२ हॉर्सपॉवर. लग्नात दोन्हीकडची खानदानं पाहावीत आणि पोरगं मात्र निमूट कारकुनी करणारं निघावं, तसा हा प्रकार.

पण त्या ५२ला हसण्याआधी १९८५ सालचा रस्ता आठवावा. प्रीमियर पद्मिनीला १०८९ सीसीचं इंजिन होतं, ४० हॉर्सपॉवरचं, आणि त्याचं मूळ १९३७च्या फियाट ११००मध्ये. ॲम्बेसेडर १४८९ सीसीची, पण अंगाने जड. कॉन्टेसा तर उलट्या जातीची गाडी. लांब नाक, रुंद खांदे, अमेरिकन सिनेमातल्या खलनायकासारखा थाट, आणि सुरुवातीच्या काळात बॉनेटखाली तेच ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन. दिसायला वाघ, चालायला बैल. ११८ एनईचं बरोबर याच्या विरुद्ध होतं. गिअरचा दांडा जमिनीवर, इंजिन चटकन फिरणारं. उमरेड रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना ती जो झटका द्यायची, तो पद्मिनी चालवलेल्या माणसाला नवा होता. ही काही माँटे कार्लोची गाडी नव्हती, हे खरंच. पण तिच्या बरोबरीच्या गाड्यांत ती दिसण्यापेक्षा जास्त पळायची, आणि तेवढ्यावर ती साध्या दिसणाऱ्या पण जोरात पळणाऱ्या गाड्यांच्या जातीत बसते.

परदेशात या जातीच्या गाड्यांना मोठा मान आहे. इटलीची अल्फा रोमिओ जुलिया, इंग्लंडची लोटस कॉर्टिना, जर्मनीची ६.३ लिटर व्ही-८ घातलेली मर्सिडीज ३०० एसईएल. त्यांची मॉडेलं हवी तेवढी मिळतात. ११८ एनईचं मॉडेल मला दुकानात कधी दिसलं नाही. ॲम्बेसेडर मिळते, काळीपिवळी पद्मिनी मिळते, ही नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरली. ११८ एनई कधी गेली, कोणाला कळलंही नाही.

कुहीचं आणि लाकडी प्रतिकृतीचं नातं जुनं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि पोरं लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी राहतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आल्याचं सांगतात. त्यामुळे इथल्या वाढयाच्या हाताला लहान आकाराची सवय असते. नंदीचं वशिंड, गळ्याची पोळी, शिंगांचा बाक हे तो मोजपट्टी न लावता काढतो. मी ११८ एनईचे फोटो घेऊन एका वाढयाकडे गेलो, तर त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हा तं डब्बा हाय. याच्यात कोराचं काय?"

त्याचं म्हणणं बिनतोड वाटलं होतं. पण पुढची सगळी वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेली.

नोव्हेंबर २०१९मध्ये नागपूर–नागभीडची छोटी लाइन रुंदीकरणासाठी बंद झाली. कुही स्टेशनात दिवसातून काही वेळा होणारी गडबड थांबली. मग करोना आला आणि उरलेलं सगळंच थांबलं. त्या काळात हे काम सुरू झालं. प्रमाण धरलं एकास अठरा. १२४चा व्हीलबेस २४२० मिलिमीटर, म्हणजे लाकडात साधारण एकशे साडेचौतीस मिलिमीटर. तेरा इंची चाकाची रिम अठरा मिलिमीटरच्या आसपास. लाकूड शिवणीचं, जुन्या घराच्या मोडक्या पाटातलं. शिवण हलकी असते, पटाशीखाली चिरत नाही आणि वाळली की फारशी वाकत नाही. सागावर बारीक कड धरायला गेलं तर रेषा उचकटतात.

आता डब्ब्याबद्दल. ही गाडी चौकोनी आहे असं आपण म्हणतो, पण तिच्यात एकही पृष्ठभाग सपाट नाही. छप्पर मध्यभागी किंचित फुगलेलं असतं. बॉनेटलाही तसाच हलका फुगवटा. दारांचा पत्रा खालून वर येताना आत झुकतो. दाराच्या पट्ट्यापासून काचेपर्यंत हा झुकाव बदलतो. हे फुगवटे आणि झुकाव इतके कमी असतात की फोटोत दिसत नाहीत, पण लाकडातून काढून टाकले की गाडी लगेच खोटी दिसते, सिगारेटच्या पाकिटाला चाकं लावल्यासारखी. स्ट्राटोससारख्या गाडीत चूक लपते; पाचरीत एक कोन इकडेतिकडे झाला तर रंग आणि पंख त्याला सांभाळून घेतात. साध्या गाडीला लपायला जागाच नाही. छपराच्या कडेची पाण्याची पन्हळ अर्धा मिलिमीटर जाड झाली, तर खऱ्या गाडीवर ती नऊ मिलिमीटर जाड झाली असं समजावं. डोळा ते पकडतोच, जरी माणसाला काय पकडलं ते सांगता आलं नाही तरी.

म्हणून काम कानशीने कमी आणि पॉलिश पेपरने जास्त झालं. छपराचा फुगवटा तपासायला मी ट्यूबलाइटखाली ओला हात फिरवून त्यावर पडणारी उजेडाची रेघ पाहायचो. रेघ एकसारखी वाकली की ठीक, मध्येच मोडली की तिथे खड्डा. गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून ही युक्ती मिळाली. तो खऱ्या गाडीचा लांबी भरलेला पत्रा असाच पाहतो.

विदर्भात रंगाचं वेळापत्रक हवामान ठरवतं. मेच्या उन्हात स्प्रे मारला तर रंगाचे कण हवेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात मारला तर एनसी रंगावर ओलाव्याने पांढुरका धूर चढतो. दिवाळी झाल्यावर, थंडीची पहिली झुळूक आली की महिना-दीड महिना रंगाचा. त्या काळात पोळा होऊन गेलेला असतो, म्हणून पोरांना दाखवायला गाडी नेहमी रंगाविनाच असायची. एका तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोराने विचारलं, "लाल काहून नाही करत?" मी क्रीम रंग लावला. या गाडीला क्रीम शोभतो, आणि लाल रंग दिला असता तर तिचा सगळा मुद्दाच बुडाला असता.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र वेगळाच होता. पळणारी गाडी साधी दिसते, हे तिचं वैशिष्ट्य. मग मॉडेलमध्ये तिचा वेग दाखवायचा कुठे? सानिनीची रॅली गाडी करता आली असती. दिव्यांच्या रांगा, नंबराचे गोल, रॅलीची पाटी. ते सोपं होतं, आणि पाहणाऱ्याला आवडलंही असतं. पण मग ती कुर्ल्याची गाडी राहिली नसती, आणि लपलेली गोष्ट ओरडून सांगितल्यासारखं झालं असतं.

शेवटी मी कुर्ल्याचा वेश तसाच ठेवला. नंबर प्लेटवर एमएच ३१. आज इथल्या नव्या गाड्या एमएच ४०च्या येतात, पण त्या काळी सगळ्या जिल्ह्याला ३१च होता. टायर एक मिलिमीटर रुंद केले. खऱ्या गाडीवर तो फरक अठरा मिलिमीटरचा. कोणी मुद्दाम रुंद टायर टाकले असते तर जवळपास इतकाच झाला असता. पुढची बाजू अर्ध्या मिलिमीटरने खाली बसवली. मागे एक्झॉस्टची नळी पेनच्या रिफिलची, मूळ मापापेक्षा थोडी जाड, आणि तिच्या तोंडाला आतून काळा रंग. बस्स. गाडीची आवड असलेला माणूस समोर आला की तो आधी चेहरा बघतो, मग गुडघ्यावर बसून चाकाकडे बघतो आणि मग मागे जातो. बाकीचे म्हणतात, जुनी फियाट आहे. दोन्ही मतं बरोबर आहेत.

मापं मिळवणं मात्र अवघड गेलं. मूळ १२४ची परदेशी माहिती मिळते, पण कुर्ल्याच्या गाडीत बंपर, जाळी, मागचे दिवे, आतली सीट यांत बदल होत गेले, आणि त्यांची मापं कुठे छापलेली माझ्या हाती लागली नाहीत. एका गॅरेजच्या मागे बाभळीच्या झुडपात एक ११८ एनई उभी होती. चाकं गेलेली, डिकीत कोंबड्या. मालकाने मापं घेऊ दिली. टेप लावून दारं, दिवे, जाळीच्या पट्ट्या मोजल्या, कागदावर उतरवल्या. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिथे गाडी नव्हती. भंगारवाला किलोच्या भावाने घेऊन गेला होता.

मुंबईच्या कुर्ल्यातला तो कारखाना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या कंपनीचा. १९४७ पासून तिथून गाड्या निघत होत्या. पद्मिनीवर पुस्तकं निघाली, चित्रपटात ती दिसली. ११८ एनईच्या वाट्याला असं काही आलं नाही. शतक संपता संपता ती बंद झाली. आज रस्त्यावर दिसलीच, तर कोणा हौशी माणसाने जपलेली असते.

वाचकांपैकी कोणाच्या वाड्यात, गोठ्यात किंवा शेताच्या कोपऱ्यात ११८ एनई उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक दुपार तिच्यासाठी काढा. समोरून, बाजूने, मागून आणि दोन्ही कोपऱ्यांतून फोटो घ्या. फोटो घेताना गाडीशेजारी मीटरची पट्टी उभी ठेवा आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा. डोक्याच्या उंचीवरून घेतलेला फोटो मापासाठी निरुपयोगी असतो. हेडलाइटची लांबी-रुंदी, जाळीच्या पट्ट्यांची संख्या, मागच्या दिव्यांमधलं अंतर आणि छपराच्या पन्हळीची जाडी लिहून ठेवा. चॅसिस नंबरची पट्टी शाबूत असेल तर तिचाही फोटो घ्या. मग हवं तर गाडी द्या.