दोन प्रयत्न शिल्लक!

किमान आठ अक्षरं. त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक स्पेशल कॅरॅक्टर. आधीचे पाच पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. स्वतःचं नाव नको, कंपनीचं नको. आणि हे सगळं जमवून जो काही अगम्य प्रकार तयार होईल तो कुठेही लिहून ठेवायचा नाही! स्थळ बघतानाही लोक एवढ्या अटी घालत नाहीत हो. (घालतात, पण निदान कागदावर लिहून तरी देतात.)

तुमच्याही ऑफिसात दर ९० दिवसांनी हा सोहळा होत असेल. सोमवारची सकाळ, दहाला मीटिंग, आणि स्क्रीनवर ती पट्टी: तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे. मग आपण काय करतो? सगळे करतात तेच. शेवटचा १ काढून २ टाकतो. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत असलेली माझी एक मैत्रीण सध्या १७ वर आहे. म्हणजे चार वर्षं झाली तिला तिथे. अनुभवाचं सर्टिफिकेटच म्हणा ना!

एका रविवारी मी चहाचा कप घेऊन बसले आणि माझे मोजले. बँका, डीमॅट, इन्कम टॅक्स, पीएफ, रेल्वे, वीजबिल, तीन ईमेल, किराणा, औषधं, सिनेमाची तिकिटं, एकदाच वापरलेली जिमची वेबसाइट... ८३ झाले तेव्हा थांबले. फ्रीलान्सरची आणखी एक गंमत असते. प्रत्येक मासिकाचं स्वतःचं वेंडर पोर्टल. मानधन दोन हजार रुपये, पासवर्ड मात्र सोळा अक्षरी!

हे सुरू कुणी केलं?

कॉम्प्युटरला पासवर्ड लावण्याचं श्रेय साधारणपणे फर्नांडो कोर्बातो यांना दिलं जातं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ च्या सुमारास एकच भलंमोठं मशीन अनेकांनी वाटून वापरायची सोय त्यांनी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड. बस, इतकी साधी कल्पना. आणि पुढच्याच वर्षी ती फुटलीसुद्धा! ॲलन शेअर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे, ते पुरेनात. त्याने एक पंचकार्ड टाकून मशीनलाच सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापायला सांगितली. मशीनने गुमान छापून दिली. पासवर्डची ही पहिली चोरी झाली ती पैशासाठी नाही, वेळेसाठी. ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही या माणसाबद्दल सहानुभूतीच वाटेल.

चार आकडी पिनमागे आपल्याकडचा एक धागा आहे. लंडनच्या एनफील्ड भागात २७ जून १९६७ ला बार्कलेज बँकेचं पैसे देणारं मशीन सुरू झालं. ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते आपल्या शिलाँगमध्ये. त्यांच्या डोक्यात लष्करातल्या नंबरसारखा सहा आकडी पिन होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या चारच आकडे लक्षात राहतात. झालं, चार! ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे. पासवर्डच्या सगळ्या इतिहासात माणसाच्या डोक्यात मावतं किती, हे कुणीतरी विचारल्याचा हा एवढाच प्रसंग मला सापडला.

कारण नंतर ते कुणी विचारलंच नाही. ९० दिवसांचा आणि स्पेशल कॅरॅक्टरचा जाच आला तो बराचसा २००३ च्या एका सरकारी कागदातून. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या बिल बर यांनी तो लिहिला, आणि जगभरातल्या आयटी खात्यांनी तो पोथीसारखा डोक्यावर घेतला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगून टाकलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नियमही बदलले. उगाच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबीला महत्त्व द्या, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला सांगा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही मुदत संपवण्याची शिफारस मागे घेतली. आता ही बातमी तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्याला कोण सांगणार, ते आपापसात ठरवा.

मुदतीचा नियम फसतो का, हे उघड आहे. दर तीन महिन्यांनी नवीन काही सुचत नाही, म्हणून माणूस ठरावीक साचा धरतो, आणि एकदा साचा कळला की पुढचे सगळे पासवर्ड कळले. गावाचं नाव, ॲट द रेट, आणि १२३. नाहीतर देवाचं नाव आणि गाडीचा नंबर. २००९ च्या डिसेंबरमध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडचे ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले, तेव्हा सर्वांत लाडका निघाला १२३४५६. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दिवसाढवळ्या दागिने चोरीला गेले. त्यानंतर बातमी आली की २०१४ च्या तपासणीत तिथल्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड सापडला होता, 'लूव्र'. तेव्हा उगाच आपल्यालाच नावं ठेवू नका.

खरा धोका सोप्या पासवर्डइतकाच तोच पासवर्ड सगळीकडे लावण्यात आहे. एक फुटका दरवाजा आणि अख्खी चाळ उघडी! लिंक्डइनचे पासवर्ड २०१२ मध्ये चोरीला गेले आणि २०१६ मध्ये ती यादी बाजारात आली. लगेच मार्क झुकेरबर्गचं ट्विटर आणि पिंटरेस्ट हॅक झालं. त्याचा पासवर्ड याच यादीत मिळाला, असं हॅकर म्हणत होते. खुद्द फेसबुकच्या मालकाची ही कथा.

आईचं माहेरचं आडनाव

आता जरा आपल्या घरात या. पासवर्ड विसरलात तर वेबसाइट विचारते, आईचं माहेरचं आडनाव काय? प्रश्न ज्यांनी काढला त्यांच्याकडे ही गुप्त माहिती असेल. आपल्याकडे? लग्नाचा बायोडाटा उघडून बघा! जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, शिक्षण, नोकरी, आणि खाली ठळक अक्षरात मामांचं नाव, आडनाव, गाव. आणि ही पीडीएफ फिरतेय कुठे, तर आत्याच्या, मावशीच्या आणि अख्ख्या ज्ञातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ईमेल एका विद्यार्थ्याने अशाच प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधून उघडलं होतं. त्याला निदान शोधावं तरी लागलं.

डाउनलोड केलेल्या ई-आधारचं बघा. पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. इन्कम टॅक्स रिटर्नच्या पोचपावतीला पॅन आणि जन्मतारीख. म्हणजे बायोडाटा हातात असलेल्या मावशीला अर्धं काम जमलंच की! (मावशी, राग नको.)

अशा उत्तरांना खरं बोलण्याची सक्ती मात्र कुणी केलेली नाही. माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंच्या आईचं माहेरचं आडनाव बँकेच्या लेखी 'बटाटेवडा' आहे.

चेतकचा नंबर

इथवर हसायचं होतं. पुढची गोष्ट ठाण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राची आहे, आणि त्याला विचारूनच लिहितेय.

२०२३ च्या जूनमध्ये नाशिकला त्याच्या बाबांना स्ट्रोक आला. काका बोलू शकत नव्हते. हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं आणि मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर विचारला. पॉलिसी होती. पैसेही होते. पण सगळं काकांच्या फोनमध्ये. निवृत्त झाल्यावर काका मोठ्या हौसेने पेपरलेस झाले होते. पूर्वी घरात एक गोदरेजचं कपाट होतं, त्यात रेक्झिनची फाइल, आणि किल्ली कुठे असते ते काकूंना अंधारातही माहीत होतं. आता कपाटात साड्या आणि फोनला पिन.

त्यांनी जन्मतारखा टाकून बघितल्या. लग्नाची तारीख. मित्राच्या जन्माचं साल. दर काही चुकांनंतर फोन म्हणायचा, थांबा. अर्धा मिनिट, मग आणखी जास्त. काकूंनी सुचवलं, यांचा अंगठा लावून बघू का? नर्सला विचारून लावलाही. पण धावपळीत फोन बंद पडला होता, आणि बंद होऊन सुरू झालेला फोन आधी पिनच मागतो, बोट चालत नाही. "आई तो अंगठा पुसून पुसून लावत होती," मित्र सांगत होता. "तिला वाटलं घाम आहे."

पैसे त्याने मित्रांकडून उभे केले. पॉलिसी सापडली ती जुन्या एजंटमुळे. सात वर्षांपूर्वी पहिली पॉलिसी याच काकांनी उतरवून दिली होती, नंतर बाबा ऑनलाइन हप्ते भरायला लागले. त्यांच्याकडे झेरॉक्स होती, ती घेऊन ते स्वतः स्कूटरवर हॉस्पिटलात आले. त्यावरून पुढचं नूतनीकरण सापडलं.

अकराव्या दिवशी काकांनी डाव्या हाताने चादरीवर चार आकडे काढले. बजाज चेतकचा नंबर! १९८८ साली घेतलेली, केव्हाच विकलेली. काकूंना तो तोंडपाठ होता. त्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी अर्धा संसार केला होता.

मला या गोष्टीत सतावतो तो नियम. बँक सांगते, पिन कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही. बरोबरच आहे, सायबर चोरांचा धंदाच त्यावर चालतो. पण नाशिकच्या त्या आयसीयूबाहेर हा नियम पाळणारं घर अडकलं होतं. नॉमिनी लावलेला असला तरी त्याचा उपयोग माणूस गेल्यावर. २०२५ च्या नोव्हेंबरपासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तरी आजारपणात तो कागद मुकाच. तिथे कामाला येतं ते साधं 'आयदर ऑर सर्व्हायवर' जॉइंट खातं, ज्यात दोघांपैकी कुणीही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पिनने पैसे काढू शकतं. कुणाचं गुपित कुणाला सांगायला नको. माणूस गेल्यावर खाती कुठे होती तेच माहीत नसेल, तर रिझर्व्ह बँकेचं २०२३ मध्ये सुरू झालेलं उद्गम पोर्टल आहे. बेवारस पडलेल्या ठेवी तिथे नावावरून शोधता येतात. आणि गूगलमध्ये एक सेटिंग आहे, इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. तुम्ही ठरवलेले महिने खातं हललं नाही तर तुम्ही निवडलेल्या माणसाला ते कळवतं. आयफोनमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आहे. दहा मिनिटांचं काम. आपण तेवढी तर रील्स रांगेत उभ्याउभ्या बघतो.

बाकी ८३ पासवर्डचं काय? ते लक्षात ठेवायचा नादच सोडा. पासवर्ड मॅनेजर वापरा, फोनमधला चालेल किंवा बिटवॉर्डन, कीपाससारखा वेगळा. त्याला एकच दणदणीत किल्ली लावायची, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांची. पोहे-कुलूप-आत्या-ट्रॅक्टर असं काहीतरी. (हेच नको! आता छापून आलंय.) मॅनेजरही फुटतात; २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्या चोरीला गेल्या. तिजोऱ्या कुलूपबंद होत्या, पण ज्यांची किल्ली तकलादू त्यांची झोप उडाली. ईमेलला आणि बँकेला दुहेरी कुलूप हवंच. आणि कुठे पासकीचा पर्याय दिसला तर घ्या. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही सोय पुढे न्यायचं ठरवलं. त्यात तुमचा फोनच किल्ली होतो, टाइप करायचं काही नाही, त्यामुळे फोनवर गोड बोलून कुणी काढून घेण्यासारखंही काही नाही. फोनचा पिन तेवढा उरतो. पुन्हा तेच चार-सहा आकडे.

नाशिकचे काका आता काठी घेऊन गंगापूर रोडला फिरायला जातात. मुलाने हट्ट धरला म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली, स्वतःच्या हाताने सगळी खाती लिहिली आणि वही गोदरेजच्या कपाटात, आतल्या कप्प्यात ठेवली. किल्ली काकूंकडे. मागच्या महिन्यात काकूंनी वीजबिल भरायला ती उघडली आणि तिथूनच मुलाला ठाण्याला फोन लावला.

"अरे, इथे लिहिलंय, बँक – नेहमीचा, पण उलटा. नेहमीचा म्हणजे कुठला रे?"