जमिनीतून येणारी वीज-वाट

जमिनीलगतची हवा आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित कणांमुळे, किंचित का होईना, वीजवाहक असते. त्याचं सगळं श्रेय अंतराळातून येणाऱ्या किरणांना दिलं जातं. खुल्या समुद्रावर ते बरंचसं खरं आहे. जमिनीवर मात्र मोठा वाटा मातीतल्या किरणोत्साराचा, विशेषतः रेडॉनचा. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि त्यापासून हा वायू बनतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस. विघटनावेळी सुटलेला अल्फा कण हवेत जेमतेम चार सेंटिमीटर जातो, पण तेवढ्यात दीड लाखाच्या आसपास आयन-जोड्या मागे ठेवतो. वारा पडलेल्या रात्री रेडॉन खालीच कोंडतो, म्हणून पहाटे आयनीभवन वाढतं. ऊन चढून हवा ढवळली की उतरतं.

रेडॉन खडकांतून सुटतो, आणि भूकंपात तेच खडक तुटतात. मग रेडॉन मोजून भूकंप आधीच का सांगू नये? जपानमधल्या १९९५च्या कोबे भूकंपाआधी भूजलातला रेडॉन वाढल्याची नोंद आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण पाऊस पडला, हवेचा दाब उतरला, तरी रेडॉनचे आकडे हलतात. भूकंप झाल्यावर मागच्या नोंदींत खूण शोधणं सोपं. किती वेळा आकडा चढला आणि जमीन हललीच नाही, हेही मोजायला हवं.